हवेत असताना आलेला आईचा फोन

बावन्न वर्षांचा होईपर्यंत मी कधी स्टुलावर चढलो नव्हतो. घरातले बल्ब बायको बदलते. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या घराला गच्ची आहे, पण वाळवण असो की पाण्याची टाकी, तिथला सगळा कारभार तिचाच. उंचावर गेलं की माझे तळपाय गार पडतात.

गेल्या हिवाळ्यात तिने पॅरासेलिंग करायचं ठरवलं. नवा रायपूरच्या पलीकडे एका मोकळ्या मैदानात जीपला दोर बांधून माणसाला पॅराशूटने वर नेतात. मी तिची पर्स धरायला सोबत गेलो.

तिथल्या माणसाने तिला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. "दीदी हल्की हैं, आज हवा तेज है." मग त्याने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "भैया का वजन बढ़िया है."

माझ्या वजनाला आजवर कोणी बरं म्हटलं नव्हतं. मी खूश होणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "नहीं नहीं, इनसे नहीं होगा. ये तो स्टूल पे भी नहीं चढ़ते."

ती चिडवत नव्हती. माझा रक्तगट सांगावा तसं तिने ते सांगितलं. तेच लागलं. मी पर्स तिच्या हातात दिली.

पट्टे बांधून झाले, डोक्यावर हेल्मेट चढलं. त्या माणसाने समजावलं: जीप निघाली की पळायचं, थांबायचं नाही; खालून शिट्टी वाजली की उजवा पट्टा ओढायचा, म्हणजे मैदानातच उतरता येतं. मी सगळ्याला हो म्हटलं. जीप सुटली. मी डोळे मिटून पळत सुटलो आणि बराच वेळ पळत राहिलो. पायाखाली जमीन नाही हे लक्षात आल्यावरही पळत होतो. थांबलो तर पडेन, असं वाटत होतं.

कानातला इअरफोन काढायचा राहून गेला होता. फोन आला की तो आपोआप उचलला जातो, अशी सोय मुलीने करून दिली होती. हेल्मेटच्या आत, घरी असलेल्या आईचा आवाज आला.

"कुठं आहेस रे? काहून एवढा वारा येऊन राहिला?"

"वर आहो आई."

"वर? गच्चीवर? तू चढला? बरं झालं. टाकी भरली का पाह्य. मोटर कवाची चालू आहे."

"आई, टाकी नाही दिसत इथून."

"नीट पाह्य. घाबरू नको, कठड्याला धर अन् खाली वाक."

एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला आता काय सांगायचं? मी डोळे उघडले आणि खाली वाकलो. टाकी नव्हती. गाड्या नसलेले रुंद रस्ते होते, दोन तळी होती, आणि मैदानात माझी बायको दोन्ही हात हलवत होती. मीही एक हात सोडून हलवला. पाय आपोआप थांबले.

"भरली आई. मोटर बंद कर."

"हव," म्हणून तिने फोन ठेवला.

बायको मघापासून हात हलवत नव्हतीच, पट्टा ओढायची खूण करत होती. शिट्टी केव्हाच वाजली होती. मी मैदानाचा बांध ओलांडून हळूच, अगदी सन्मानाने, शेजारच्या वांग्यांच्या वाफ्यात बसलो.

वांगी तोडणारी बाई टोपली घेऊन जवळ आली. माझ्यावर पसरलेलं पॅराशूट बाजूला करून तिने विचारलं, "उप्पर ले आवत रहेस, त भांटा नइ दिखिस का?"

वरून येत होतास, तर वांगी दिसली नाहीत का? प्रश्न रास्त होता. मी माफी मागितली. ती म्हणाली, आता खाली बसलाच आहेस तर त्या बाजूची तोडून दे. माझे पाय उभं राहण्याजोगे नव्हतेच. जीपवाला माझे पट्टे सोडवत होता आणि मी बसल्या बसल्या वांगी तोडत होतो. बायको धावत आली आणि आमच्याकडे पाहत बांधावर टेकली.

परतताना गाडी तीच चालवत होती. तेलीबांध्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "कसं दिसते वरून?"

मी सांगू लागलो. तळी सांगितली, रस्ते सांगितले, तिची स्वतःची सावली केवढी लांब पडली होती तेही सांगितलं. ती सावलीपाशी अडली.

"मी एवढी लांब?"

"हव."

मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी ती माझ्याकडेच पाहत होती.