दुसऱ्या जगाचं पुस्तक

कॉलेजातले आम्ही चौघे दर रविवारी नवीन पनवेलला माझ्या घरी फासे घेऊन जमायचो. आमचा खेळ तोंडी. एकाने काल्पनिक जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात भटकायचं. सांगणारा नेहमी मी, कारण त्या जगाचं पुस्तक माझ्याकडे होतं. गावं, राजे, गुपितं, सगळं त्यात छापलेलं. ते दुसऱ्या कुणी वाचलं की खेळाची मजा गेली.

म्हणून आमच्यातला करंजाड्याचा मित्र जेव्हा म्हणाला, "आजून एक पुस्तक घेऊ, दुसऱ्या जगाचं," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिलं जग अजून निम्मंही फिरून झालं नव्हतं. याला दुसरं कशाला हवं?

"एक पुरे," मी म्हटलं. "आणि ते माझ्याच कपाटात."

त्यातच तो खेळात नको तितकं बरोबर सांगायला लागला. पहारा कुठे, चोरवाट कुठे, सगळं आधीच ठाऊक. पाणी प्यायला म्हणून आत जातो आणि पुस्तक वाचतो, माझी खात्रीच पटली. मी मुळातला संशयी. दूधवाल्याचं मापसुद्धा दोनदा बघणारा. कपाटाला कुलूप घातलं. ते बघून तो हसला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

शेवटी सापळा लावला. पुस्तकात नसलेला, मी स्वतः रचलेला खाडीकाठचा किल्ला. इथे तो अडला की चोरी सिद्ध. पण तो क्षणभरच थांबला.

"खाडीला बांध हाय ना? मंग उघाडी असंल. पानी आत-भायेर सोडाला दार ठेवतातच. आमी ओहोटीला तिथून शिरू."

चोरवाट मी तिथेच ठेवली होती, आणि ती फक्त माझ्या डोक्यात होती. त्याच्या घरची मिठागरं. बांधाची असली दारं बघतच तो वाढलेला. मला माझीच लाज वाटली. बाकीचे गेल्यावर मी विचारलं, "मग दुसरं पुस्तक कशाला रे?"

"तू नुसता सांगत बसतोस, कदी खेलनार? ते माज्याकडं ठेव. तू वाचू नको. मंग तू पन खेल."

पुस्तक घेतलं. पुढच्या रविवारी त्याच्या घरी बसलो. खेळ ऐन रंगात असताना तो चहाचं सांगायला आत गेला, पुस्तक माझ्यासमोर उघडंच टाकून. त्याचा माझ्यावर विश्वास होता, माझाच माझ्यावर नव्हता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून भिंतीकडे बघत बसलो.