अंगावरचा डाग

हिंजवडीच्या कंपनीत लागले तेव्हा गळ्यात ओळखपत्राचा निळा नायलॉनचा पट्टा आला. विश्रांतवाडीहून बसने जाईपर्यंत तो घामाने भिजायचा आणि दिवसभर मानेला घासायचा. पुढे मानेभोवती काळपट, खरबरीत कडं उठलं. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, पट्टा बंद करा. गेटवरचा माणूस म्हणायचा, कार्ड गळ्यातच हवं. त्या दोघांची गाठ मी कुठे घालून देणार होते? मलम लावायचे, पट्टा घालायचे, खाजवत बसायचे.

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आईने जॉर्जेटची ओढणी माझ्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळून दिली. तिच्याखाली मान नुसती पेटली होती. पोहे झाले आणि मुलाच्या आईने विचारलं, "मुलीच्या अंगावर काही डाग?"

त्या सोन्याबद्दल विचारत होत्या. जुनी माणसं दागिन्याला डागच म्हणतात, आई स्वतःही म्हणते. पण त्या क्षणी आई गडबडली. "अहो, ते पट्ट्याने झालंय, जाईल हळूहळू," म्हणाली. मग बाईंनी मला ओढणी सरकवायला लावली.

कळवतो म्हणाले. पुण्यात याचा अर्थ वेगळा कळवावा लागत नाही.

पुढे कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझा पट्टाही गेला. स्थळं यायची थांबली. आईने माझ्यासाठी हौसेने करून ठेवलेले डाग घरखर्चाला एकेक करून मोडले. गळ्यातला हा एकच राहिलाय, मोडता न येणारा.