माझ्या नावावरची लाल गाडी

माहेरची जमीन सरकारने घेतली तेव्हा भावांनी मला हक्कसोडाच्या सहीसाठी बोलावलं. आमच्याकडे बहिणी सही करून देतात आणि माहेर राखतात. मीही देणार होते. पण आमच्या यांनी अडवलं. "तुजा हक्क हाय तो. सोडायचा नाय." मी मोबदल्यातला माझा वाटा घेतला. त्या दिवाळीपासून भाऊबीजेला मला कोणी बोलावलं नाही.

त्याच पैशातून यांनी लाल स्पोर्ट्‌स गाडी आणली. दोनच दारांची, अगदी बुटकी. कागदावर माझं नाव घातलं. म्हणाले, "ही तुज्या माहेरची. हिला कोन हात लावनार नाय." दुसरं काहीच माझ्या नावावर नव्हतं.

गाडी फारशी फिरली नाही. जवळच्या बंदरावर जाणाऱ्या ट्रेलरांनी रस्त्याला असे खड्डे पाडले होते की गावाबाहेर पडेपर्यंत तिचं पोट घासायचं. भावकीतल्या लग्नांत नवरदेव मिरवले तेवढंच. बाकी ती अंगणातल्या पत्र्याखाली, माझ्या जुन्या साड्या पांघरून उभी. बॅटरी उतरू नये म्हणून चालू कशी ठेवायची ते यांनी मला शिकवलं. सकाळी पुसून झाली की मी आत बसायची, काचा वर करायची, चावी फिरवायची. इंजिनाच्या आवाजात मी भावांशी भांडायची. मोठ्याने. बाहेर कोणाला ऐकू जात नसे.

एका दुपारी मुंबईचे दोघे आले. मला वाटलं, लग्नासाठी हवी असेल. चहा घेऊन गेले तर एकजण वाकून गाडीचा खालचा पत्रा तपासत होता आणि हे सांगत होते, "लेडीज ओनर हाय. देवलात जाते नि येते, बास."

गाडी विकायला काढल्याचं मला असं कळलं.

"वहिनी, तुम्ही चालवता?" त्याने विचारलं.

परक्या पुरुषांपुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तरी मी म्हटलं, "मला चालवता येत नाय. मी नुसती बसते."

वाटलं, यांचा खोटेपणा उघडा पडला, आता व्यवहार मोडेल. तो माणूस हसायलाच लागला. "म्हणजे चालवलीच नाही! अहो दादा, हे आधी सांगायचं ना."

"लाजते ती," म्हणत हेही हसले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. चौथी शिकले आहे, सही येते. तिघेही बघत उभे होते. मी केली.

संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आता उंच गाडी घेऊ. या रस्त्याला तीच बरी."

मी ताटात भाकरी वाढली.

"इकायची नव्हती तर तवाच सांगायचं. मी काय तोंड धरलं होतं तुजं?"

गाडी विकायची हे यांना मला आदल्या दिवशी चुलीपाशी सांगता आलं असतं. तिथे मी नाही म्हटलं असतं. ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही.