ताज्या शेणाची बादली

लग्नाच्या बोलण्यात ‘तुला काय आवडतं?’ असं कुणीतरी विचारलं, तेव्हा भरल्या खोलीत ‘पळायला’ असं सांगून मी मोकळी झाले. खोटं नव्हतं ते. बेळगावात शाळेत असेपर्यंत शर्यतीत मी कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. पण मुलीनं विणकाम म्हणावं, पेटी म्हणावं! सगळे हसले. आईनं मान खाली घातली. एकटे सासरे हसले नाहीत. ‘किती पळतेस?’ असं त्यांनी विचारलं, तेवढ्यात पोह्यांच्या बशा आल्या आणि उत्तर राहून गेलं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. नवरा बंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनिअर, क्वार्टर के. आर. पुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरात आम्ही चौघं. सासूबाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण कॉलनीतल्या मराठी बायका काय म्हणतील, याचा त्यांना चोवीस तास घोर. सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. मी त्यांना मामंजी म्हणायची. त्यांचा सगळा जीव अंगणातल्या गुलाबांत.

माघ संपत आला, थंडी उतरली, रस्त्याकडेच्या करंजांना पोपटी पालवी फुटली. एका सकाळी मामंजींनी माझ्या हातात बादली दिली.

“सूनबाई, गवळणीकडून शेण आण. ताजं हवं हं. निवलं की गुलाबाला उपयोग नाही. तेव्हा जरा लगबगीनं ये.”

गोठा कॉलनीच्या पार टोकाला, निलगिरीच्या झाडांपलीकडे. जाताना मी चालतच गेले. येताना ‘लगबगीनं’ आठवलं, म्हणून पाय उचलले, आणि मग पायांनी माझं ऐकलंच नाही. पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि सुटले. लग्नानंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा! तांबडी माती पायांना गार लागत होती. अर्ध्या बादलीनं हात खाली ओढला जात होता. तोल सांभाळायला डावा खांदा जरा वर उचलावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. कपाळावर घाम आणि त्याला लागणारा गार वारा. अगं बाई, हे आपण विसरलोच होतो की, असं झालं मला.

दुसऱ्या दिवसापासून मी जातानाही पळायला लागले. रिकाम्या बादलीची कडी खणखण वाजायची. चौथ्या दिवशी बघते तर कडीला मामंजींनी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली. माझ्या हाताला वळ उठू नयेत म्हणून बांधली असेल, असं मला वाटलं. मी शहाणी!

सासूबाईंना कळलं की हे बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पाण्याच्या टाकीपाशी थांबायचं, चपला घालायच्या, पदर सोडायचा, दम खायचा आणि खालमानेनं घरी यायचं. रोज नवं काहीतरी बरोबर यायचं. एकदा आंब्याच्या मोहोराचा वास, एकदा केसांत अडकलेलं निलगिरीचं पान. मामंजी फाटकाशी उभे असायचे. बादली घ्यायचे आणि मला बागेत थांबवून काहीतरी शिकवायचे. गुलाबाचा डोळा कसा भरायचा, हे त्यांनीच शिकवलं. रानगुलाबाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा अलगद सोलून तिच्यात बसवायचा, वरून केळीच्या सोपटानं बांधायचं. “आता रोज उकरून बघायचं नाही,” ते म्हणाले. “हिरवा राहिला तर जगला.” एक डोळा मी माझ्या हातानं भरला आणि रोज चोरून बघत राहिले.

मग चैत्र आला. घरात गौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, पंधरा-वीस बायका. समोरच्या काकूंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “काय हो, तुमची सून सकाळी पदर खोचून, चपला हातात घेऊन धावत असते. कुणी मागे लागलंय की काय?”

बायका हसल्या. सासूबाईंचा चेहरा उतरला. तेव्हा गप्प बसावं, ‘आवडतं मला’ म्हणावं, हसण्यावारी न्यावं, काहीही चाललं असतं. पण ही जीभ मेली!

“मामंजी पाठवतात शेणाला,” मी म्हणाले. “निवलेलं चालत नाही त्यांना. उशीर झाला की ओरडतात.”

ते कधीच ओरडले नव्हते. मी वळून पाहिलं तर मामंजी दारात उभे. गौरीपुढे ठेवायला ताटलीत गुलाब घेऊन आले होते.

“हो,” ते म्हणाले. “घाई मीच करत होतो.” ताटली दारातच ठेवून ते गेले.

“कमाल झाली! इंजिनिअरच्या बायकोनं शेण वाहायचं?” काकू म्हणाल्या. मग ज्या त्या बाईला माझी कीव आली. मीही बिचारा चेहरा करून बसले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. संध्याकाळी नवरा घरी आला, त्याच्या कानावर गेलं. “बाबा, माळी ठेवू का?” एवढंच तो जेवताना म्हणाला, पण सूर असा की मामंजींनी पानावरून हात काढून घेतला.

बादली दुसऱ्या दिवसापासून बंद. त्या आठवड्यात गवळण फाटकाशी आली आणि कानडीत विचारू लागली, “का येत नाही, अक्का? यजमान बरे आहेत ना?” मामंजींना ती यजमान म्हणायची.

“आता गुलाबांना शेण नको झालंय,” मी सांगितलं.

“अय्यो! ताजं शेण गुलाबाला कोण घालतं? मुळं जळतात. मी पहिल्याच आठवड्यात यजमानांना सांगितलं होतं. म्हणाले, मला ठाऊक आहे, तू आपली बादलीत घालत जा.”

मी न्हाणीघरामागे गेले. तिथे एक खड्डा होता, वर गोणपाट टाकलेलं. ते उचललं. माझं दोन महिन्यांचं शेण तिथे वाळत पडलं होतं, एक मूठही बागेत गेली नव्हती. शेजारी ती बादली पालथी घातलेली, कडीला चिंधी तशीच. उचलून हलवली, तर कडी वाजली नाही.

एकच वाक्य बोलायचं होतं, तेही सासूबाईंसमोर. मामंजी ओरडत नव्हते, मीच पळत होते. मी ते मनात घोळवत राहिले. आज बोलू, उद्या बोलू. ते बोलून टाकलं तर पळण्याचं कायमचं संपेल, ही भीती. संपलं तर होतंच!

एका सकाळी मामंजींनी बागेतून हाक मारली, “सूनबाई, तुझा डोळा फुटला बघ.” मी पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन अंगणात उतरले. सोपटाच्या वर तांबूस कोंब आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मामंजी कोंबाकडे बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते.

“आता सावकाश चालतेस,” ते म्हणाले.

मी “हो” म्हणाले आणि आत कुकर लावायला गेले.

पुढच्या पौषात ते गेले. तेरावा झाल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं, रडत रडत, चिंधीपासून खड्ड्यापर्यंत. त्या मूग निवडत होत्या. त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“मला काय सांगतेस?” मग म्हणाल्या. “त्यांना सांगायचंस.”