दोनच कोपरे काळे

स्टुडिओवाल्याने मला फसवलं. माझा फोटो त्याने कापला, त्यातून माझ्या बायकोला काढून टाकलं आणि उरलेला तुकडा स्वतःच्या नावाने प्रदर्शनात लावला.

फोटो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून काढलेला होता. झाकणाला मधोमध सुईचं भोक, आत तळाला फोटोचा कागद. लेन्स वगैरे काही नाही. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी डबा केला. ती विसरली, मला नाद लागला. डबा उथळ, म्हणून अख्खं आवार एका फोटोत मावतं. पण त्याची किंमत कोपरे मोजतात. भोकासमोरचा कागद जवळ, त्याला भरपूर उजेड मिळतो. कोपऱ्यांपर्यंत उजेड लांबून, तिरका जातो आणि पोचेपर्यंत पातळ होतो. म्हणून मध्ये लख्ख आणि चारही कोपरे काळे.

दसऱ्याच्या आधी गणेशवाडीच्या फुलबाजारात, आमच्या गाळ्यासमोर, डबा हातगाडीवर ठेवला. भोक बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे हलणारी माणसं धुरासारखी विरतात. कागद नेहमीच्या स्टुडिओत धुवायला दिला. नंतर तो म्हणाला, "काका, कागद जळाला. काहीच आलं नाही." मी विश्वास ठेवला. क्रेटमधलं एक फूल न तपासता घेत नाही मी, पण त्याचा शब्द घेतला.

प्रदर्शनाचं आमंत्रण मला नव्हतं. बायको आणि मी सत्काराचे हार पोचवायला हॉलवर गेलो होतो. भिंतीवर माझा बाजार. खाली त्याचं नाव, वर पहिल्या बक्षिसाची रिबीन.

आमच्या धंद्यात क्रेटची वरची फुलं कुणी बघत नाही, ती दाखवायलाच ठेवलेली असतात. हात कोपऱ्यात घालायचा. सवयीने मी फोटोचेही कोपरे पाहिले. उजवे दोन काळेकुट्ट, डावे दोन बरेच उजळ. आणि सगळ्यांत लख्ख जागा डाव्या कडेला खेटलेली.

"हा अर्धा फोटो आहे," मी म्हणालो.

परीक्षक हसले. "शेठ, तीच तर गंमत आहे. अंधार एकाच बाजूने येतो. याला रचना म्हणतात."

स्टुडिओवाला पुढे आला. "डबा तिरका धरला होता, काका. तुम्ही हारांचं बघा."

माझं डोकं तापलं. आवाज इतका चढला की बाहेरचा चहावाला आत डोकावला. "तिरका धर नाहीतर उलटा धर. डबा वळला की भोक आणि कागद दोन्ही बरोबरच वळतात. उजेडाचा मध्य कागदावर जागचा हलत नाही."

मोबाइलमधले माझे जुने फोटो मी परीक्षकांपुढे धरले. सगळ्यांना चार काळे कोपरे. मग भिंतीवरच्या फोटोच्या लख्ख जागेवर अंगठा टेकवला, उजव्या काळ्या कडेपर्यंत वितीने अंतर मोजलं आणि तेवढंच अंतर डावीकडे टाकलं. माझी करंगळी फ्रेम सोडून भिंतीवर गेली.

"बाकीचा फोटो इथे आहे. सांग, इथे काय होतं?"

"काही नव्हतं," तो म्हणाला.

"काहीच नव्हतं?" बायकोने टोपली खाली ठेवली. "मी तिथेच बसले होते की. हे म्हणाले हलू नको, म्हणून नाकावर माशी बसली तरी हलले नाही."

"अहो काकू, तुमच्यामुळेच तर फोटो बिघडत होता," तो बोलून गेला.

हॉलभर हशा पिकला. परीक्षक तेवढे हसले नाहीत. त्यांनी फोटोखालची नावाची चिठ्ठी काढली आणि माझं नाव विचारलं. मी ते तीनदा सांगितलं. मागच्या रांगेलाही ऐकू जायला हवं होतं. त्याच्यासाठी आणलेला हार माझ्या गळ्यात पडला. माल माझा, बिल त्यांचं. घरी येईपर्यंत मी तो उतरवला नाही. बायको म्हणाली, "झोपताना तरी काढा."

पण कागदाचा कापलेला भाग त्याने अजून दिलेला नाही. विचारलं की सापडत नाही म्हणतो. त्या बाजारात भोक उघडं असेपर्यंत न हलता बसलेली माझी बायको एकटी होती, म्हणजे कागदावर नीट उमटलेलं माणूसही ती एकटीच असणार. स्टुडिओवाल्या, बाकी सगळ्यांचा धूर ठेवलास आणि तिलाच कापलंस. तो तुकडा कुठे आहे? फेकला असशील तर कुठे? बिघाड काय ते तू सगळ्यांसमोर बोललास. आता याचं उत्तरही सगळ्यांसमोर दे.