नामाआबांना आरोपी व्हायचंय

कोर्टात निकाल लागला की फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाते. किस्सा मात्र समोरच्या चहाच्या टपरीवर येतो आणि तिथून हलायचं नाव घेत नाही! आमच्या तालुका कोर्टातली वकील मंडळी दुपारी तिथे जमतात. त्यात हल्ली कायदेच इतके बदलतायत की कालचा गुन्हा आज गुन्हा राहत नाही, आणि काल जे सगळं गाव करत होतं त्यालाच आज दंड बसतो. कायदा बदलला की आमची अर्धी पुस्तकं रद्दीत जातात, पण किश्श्यांची आवक दुप्पट होते. मी कुसगावची, वकिली करता करता केस पिकले, तरी अजून हसता हसता माझा चहा सांडतो.

नवे कायदे आले तेव्हाची गोष्ट. कलमांचे नंबर बदलले. फसवणुकीचं चारशेवीस गेलं आणि तीनशे अठरा आलं. लोणावळ्यात प्लॉट घेऊन फसलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. मी तक्रार लिहून दिली. ती वाचता वाचता त्यांचं तोंड लाल झालं.

"मॅडम, हे तीनशे अठरा काय आहे?"

"फसवणूकच आहे. फक्त नंबर बदललाय."

"मला काय येडा समजता? त्यानं माझ्याशी पूर्ण चारशेवीस केलंय, आणि तुम्ही शंभराच्या वर कमी करून दिलं? सेटिंग झालंय ना तुमचं त्याच्याशी!"

शेजारी आमचे जोशीकाका बसले होते. आमच्या वकील मंडळींत सगळ्यांत ज्येष्ठ. जुने नंबर तोंडपाठ आणि नव्यांशी अबोला! त्यांनी मला सावरून घ्यायचं तर राहिलंच, उलट त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर आहे हो तुमचं. मीही एवढ्यावर तडजोड केली नसती."

ते पक्षकार पुन्हा काही माझ्याकडे आले नाहीत.

आता नामाआबांबद्दल सांगते. आबा आंदर मावळातले, भातशेतीवाले. बैलगाडा शर्यतीचा नाद भयंकर. मध्ये शर्यतींवर बंदी होती, तेव्हा त्यांच्या गावानं घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, चोरून शर्यत भरवली, पोलीस आले आणि गावातल्या झाडून सगळ्या गाडामालकांवर केस झाली. सुटले फक्त आबा! मग बंदी उठली, शर्यती परवानगी घेऊन राजरोस सुरू झाल्या आणि सगळं फिरलं. आता गावच्या यात्रेत या आरोपींना स्टेजवर बसवून फेटे बांधतात. स्पीकरवरून पुकारा होतो, "बंदीच्या काळात ज्यांनी केस अंगावर घेतली, ते आपले मानकरी!" आणि आबा खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात.

त्यातच सरकारनं हे जुने खटले मागे घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आबा माझ्यासमोर हजर!

"वकीलबाई, केस मिटायच्या आत माझं नाव घाला तिच्यात."

"आबा, लोक नाव काढायला येतात!"

"तुमाला न्हाई कळायचं. माझा व्याही मारुती स्टेजवर बसतो. सून माहेरी जाऊन आली की म्हनती, माज्या वडलांना फेटा बांदला. मी काय बोलू तिला?"

मला हसू फुटलं होतं, पण त्यांचे डोळे पाहून ते गिळलं. म्हाताऱ्याला खरोखर लागलं होतं.

कायद्याच्या पुस्तकातला मोठा गुन्हा आणि माणसाच्या मनातला मोठा गुन्हा वेगळा असतो, हे मला आंदर मावळातल्याच एका मावशींनी शिकवलं. शेजाऱ्यानं त्यांच्या भाताच्या रोपात म्हैस सोडली होती. म्हैस कुठून शिरली, किती खाल्लं, किती तुडवलं, सगळं ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. उठताना त्या म्हणाल्या, "आन् हां, पोराच्या डोक्यात दांडकं बी घातलं त्यानं."

मी ओरडलेच. "मावशी, हे आधी सांगायचं ना!"

"त्यात काय सांगायचं? टाकं पडलं, डोकं भरून यील. रोप कुटनं आनू?"

एकदा एक नवरा आला. बायकोचं बाहेर कुणाशी तरी जुळलं होतं. त्याला त्या माणसाला आत टाकायचं होतं. मी म्हटलं, "आता तो गुन्हा नाही. ते कलम सुप्रीम कोर्टानं रद्द केलं."

"मला न विचारता?"

"कोर्ट कुणाला विचारत नसतं. तुम्ही घटस्फोट मागू शकता."

त्यानं मागे वळून दार बंद आहे ना ते पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "ताई, कलम रद्द झालंय हे तिला माहीत नसणार. तुमी सांगू नका!"

शेलार हवालदार हेही आमच्याच टपरीवरचे. पावसाळ्यात त्यांची ड्युटी धबधब्यावर लागते. तिथे पाण्यात उतरायला बंदी, तसा बोर्डही आहे. एक टूरिस्ट त्या बोर्डाला वळसा घालून पलीकडच्या दगडावर चढला आणि मोबाईल पुढे करून शेलारांनाच म्हणाला, "अंकल, एक फोटो काढा ना!"

शेलार शांतपणे म्हणाले, "अलीकडं आलास तर आठवण म्हणून काढतो. तितंच थांबलास तर पुरावा म्हणून काढतो!"

इकडे नामाआबांना चैन नव्हतं. टपरीवर जोशीकाकांनी थट्टेत त्यांना सुचवलं, "आबा, परवानगीशिवाय शर्यत पळवणं अजूनही गुन्हाच आहे बरं का!" चार दिवसांनी आबा पडलेल्या चेहऱ्यानं आले.

"गेलतो. घाटात एकट्यानंच गाडा पळवला."

"मग?"

"यात्रेवाल्यांनी त्याच दिवसाची परवानगी आदीच काडलेली! शेलार हवालदार बंदोबस्ताला हुते. त्यांनी टाळ्या वाजीवल्या."

शेवटी खटला मागे घ्यायची तारीख उजाडली. आरोपींची वकील मी. सगळे कडक टोप्या घालून आले होते, व्याही मारुतीभाऊ सर्वांत पुढे. मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं, "सगळे आरोपी हजर आहेत?" सगळे उभे राहिले. त्यांच्या मागे नामाआबाही!

"आबा, खाली बसा!" मी पुटपुटले.

"न्हाई बसायचा. मॅडमसाहेब, मी बी गुन्हेगार हाय. माझं नाव ऱ्हायलंय."

मॅडमनी चष्मा काढला. "राहिलं कसं?"

आबांची मान खाली. तेवढ्यात दाराशी उभे असलेले शेलार हवालदार खाकरले. बंदीच्या काळातल्या त्या धाडीत तेच होते.

"मॅडम, नाव मीच घेतलं नव्हतं. घाटाकडं जाताना आमची जीप ओढ्यात रुतली. हे शर्यतीला निघाले होते. यांनी स्वतःचे बैल जुंपून जीप बाहेर काढून दिली. मग मीच म्हटलं, आबा, आज तिकडं जाऊ नका, घरी जा."

ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती.

मॅडमनी आबांना विचारलं, "पोलीस कुठे निघालेत, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं हुतं की! पन रुतलेली गाडी बगून बैल तसंच पुडं कसं न्यायचं, मॅडमसाहेब?"

सगळे आरोपी एकदम मागे वळले. मारुतीभाऊंच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. आता भर कोर्टात मारामारी होणार म्हणून मी घाईघाईनं मध्ये जाऊन उभी राहिले. भाऊंनी मला हातानं बाजूला सारलं, आबांचं मनगट पकडलं आणि त्यांना ओढत थेट मॅडमच्या टेबलापुढे नेऊन उभं केलं.

"मॅडम, ह्येचं नाव आमच्या सगळ्यांच्या वर घाला. ह्येनं जीप वडली नसती, तर आमाला फेटं कुनी बांदलं असतं?"