आईचा खांदा
टाल्कम पावडरचा वास आला की हिंदी मुलखातल्या आमच्या सीपरी बाजारच्या घरातली ती दमलेली संध्याकाळ आठवते. आमची मुलगी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि रोज आईच्या आखडलेल्या खांद्यावर सराव करायची. माझी बायको दर वेळी म्हणायची, “छान वाटतंय.” त्या दिवशी दवाखान्यात मुलीच्या हाताखाली एक पेशंट किंचाळली. घरी येऊन ती म्हणाली, “बाबा, मैं ये पढ़ाई छोड़ रही हूँ। आई को तो कभी दर्द नहीं हुआ!” बायको मान खाली घालून म्हणाली, “दुखायचं गं. रोजच.”  मुलीनं हाताला पावडर लावून पुन्हा आईचा खांदा धरला. या वेळी नजर आईच्या चेहऱ्यावर होती. आता ती नोकरी करते. सुट्टीत आली की खांदा हलवताना विचारते, “दुखतंय?” बायको अजूनही “नाही” म्हणते, आणि मुलगी हात थांबवते.